मत पाठ केलं, पाचपैकी पाच!

संपादक महोदय,

कालच्या पुरवणीतला ‘घोकंपट्टी हद्दपार करा’ हा लेख वाचला. लेखिकेची कळकळ खरी आहे, भाषाही छान. पण पाढे आणि सनावळ्या डोक्यातून काढल्या की रिकाम्या जागी विचार आपोआप उगवतो, हा शोध त्यांना कुठे लागला तेही कळलं असतं तर बरं झालं असतं.

मी गणिताचा निवृत्त शिक्षक. क्ष वर्ग अधिक १५ क्ष अधिक ५६ याचे अवयव पाडताना ‘सात आठे छप्पन्न’ ज्याच्या ओठावर असतं, त्याला पुढचा विचार करायला उसंत मिळते. बाकीचे बोटं मोजता मोजता आपण काय शोधत होतो तेच विसरतात. बुद्धिबळपटू म्हणे पाठ करत नाहीत, विचार करतात! विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या मानसशास्त्रज्ञांचा १९७३चा प्रयोग लेखिकेने बघावा. खऱ्या डावातली मांडणी पाच सेकंद दाखवली तरी मातब्बर खेळाडू ती बरीचशी जशीच्या तशी मांडून दाखवत. सोंगट्या कशाही विखरून ठेवल्या की त्यांची गत जवळपास नवख्यांसारखीच होई. खेळून खेळून जे डोक्यात साठलेलं असतं, त्याच्याच जोरावर पटावर विचार चालतो.

माझं खरं दुखणं मात्र निराळंच आहे. माझ्या नातीच्या शाळेत आता ‘चिकित्सक विचार’ आलाय. प्रश्न होता : ‘यंत्रांमुळे माणूस आळशी झाला आहे का? तुमचे मत सकारण लिहा.’ पोरीने लिहिलं, नाही; आळशी माणसं यंत्रांच्या आधीही होतीच, आणि आजीचा जो वेळ वाचतो त्यात ती वाचत बसते. पाचपैकी दीड गुण. शेरा : ‘अपेक्षित मुद्दे नाहीत.’ मी भेटायला गेलो. बाई अतिशय नम्र. म्हणाल्या, ‘सर, नमुना उत्तरात ‘हो’ आहे.’ तिचं मत काय असावं हे वर्गात आधीच लिहून दिलेलं होतं, चार मुद्द्यांत! सहामाहीला तोच प्रश्न परत आला. नातीने ‘आपलं’ मत रात्री जागून पाठ केलं आणि पाचपैकी पाच मिळवले. वर लाल शाईत, ‘स्वतंत्र विचार, शाब्बास!’

या पोरीला तेराचा पाढा येत नाही, कारण पाठांतर वाईट. लेखिकाबाईंना घोकंपट्टी हद्दपार करायचीच असेल, तर तिचा हल्लीचा पत्ता ‘तुमचे मत लिहा’ या प्रश्नाखाली आहे. तिथून सुरुवात करावी. पाढ्यांना तूर्त राहू द्यावं.

आपला,
एक निवृत्त गणितशिक्षक

ता. क. बुद्धिबळाचा विषय निघालाच आहे म्हणून. रविवारच्या कोड्याचं उत्तर तुम्ही हल्ली छापत नाही. वाचकांनी स्वतः विचार करावा असा हेतू असेल तर हरकत नाही, पण गेल्या खेपेला पटावर पांढऱ्याचा राजाच नव्हता.