सिस्टर, त्या साठ आकड्यांसाठी

सिस्टर, नमस्कार.

राधानगरीकडच्या आमच्या गावात तुमचं गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं तपासणी शिबिर होऊन आठवडा झाला, तरी नळावर बायका अजून 'एक, दोन, तीन' मोजून हसत्यात. गर्भाशयमुखाला औषध लावून झालं की तुम्ही प्रत्येकीला म्हणायचा, "मावशी, आता दोघी मिळून साठपर्यंत मोजू या." लाजेनं आकसलेली बाई विसापर्यंत आली की अंग सैल सोडायची.

ते मिनिट किती मोलाचं, हे सगळ्यांना कळत नाही. ते औषध म्हणजे पाच टक्के ॲसिटिक ॲसिड, व्हिनेगरमधलंच; ते लागल्यावर बिघडलेल्या पेशींतली प्रथिनं गोठून तो भाग पांढरा पडायला मिनिटभर जातं. मागच्या एका शिबिरात बोळा फिरला न फिरला तोच "नॉर्मल, पुढची!" अशी हाळी, तीही टॉर्चच्या पिवळ्या उजेडात. पांढरं दिसणार कुठून? मुंबईत टाटा रुग्णालयाने वस्त्यांमध्ये हीच साधी तपासणी आरोग्यसेविकांकडून दर दोन वर्षांनी करून घेतली, तेव्हा या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. घाईत हे जमलं नसतं.

पन्नाशी उलटलेल्यांना तुम्ही खोटा दिलासा दिला नाहीत, हेही लक्षात राहिलं. पाळी गेल्यावर बघायचा भाग आत सरकतो, वरून दिसत नाही, म्हणून त्यांना एचपीव्ही, म्हणजे ज्या विषाणूमुळे हा कॅन्सर होतो त्याची चाचणी करून घ्यायला सांगितलंत.

आणि पांढरा डाग निघालेल्या बाईला "कॅन्सर नाही, हा आधीचा टप्पा, गोठवून काढता येतो" हे तुम्ही तिच्या सासूसमोर सांगितलंत. पांढरं जातंय म्हटलं की थेट पिशवी काढायला लावणारे आमच्याकडे कमी नाहीत! शरीरसंबंधातून पसरणारा हा एचपीव्ही विषाणू बहुतेकींना कधीतरी होतो आणि वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. त्याचा १६ किंवा १८ नंबरचा प्रकार चिकटून राहिला तर कॅन्सर व्हायला पंधरा-वीस वर्षं लागतात. त्यात बाईच्या चालचलणुकीचा पंचनामा कशाला? सासूबाई गप्प झाल्या, हे काय थोडं झालं.

माणसाशी माणसासारखं वागायला पगार वाढवून मिळत नाही, तरी काही जण वागतात.

नऊ ते चौदा वर्षांच्या पोरींची यादी आशाताईंनी एचपीव्हीच्या लसीसाठी करून ठेवली आहे. लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी चुकवायची नाही, हे त्यांच्या आयांना आम्ही बजावलंय. पुढच्या खेपेला मोठा दिवा मात्र आमच्याकडून.

तुमच्याच पेशातली एक निवृत्त परिचारिका, कोल्हापूर