मास्तर, तो रुपया अजून खिशातच आहे

मास्तर, स. न. वि. वि.

त्या दिवशी शिवलेला कुर्ता न्यायला तुमच्यासमोर उभी राहिले आणि तोंडातून शब्द फुटला नाही. पैसे दिले, पिशवी घेतली आणि पायऱ्या उतरले. तुम्हाला वाटलं असेल, बाई किती तुसडी. तसं नव्हतं. घशात हुंदका अडकला होता. म्हणून आता चारचौघांत लिहितेय.

आई गेली मागच्या श्रावणात. तिच्या ट्रंकेत दोन इरकली लुगडी निघाली. एक घडीही न मोडलेलं, नातीच्या लग्नात नेसायचं म्हणून जपलेलं. दुसरं गर्द निळं, तांबड्या पदरावर पांढऱ्या टोपांची नक्षी, नेसून नेसून मऊ झालेलं. मला नऊवार नेसता येत नाही, लेकीला तर नाहीच. त्या निळ्यातून तिला कुर्ता शिवावा, एवढंच मनात होतं.

ते घेऊन मी कुठंकुठं फिरले! एका चकचकीत दुकानात बाईंनी लुगडं दोन बोटांत धरलं आणि म्हणाल्या, "याला वास येतोय." येत होता, डांबरगोळ्यांचा. दुसऱ्यानं दीड महिना ठेवून घेतलं आणि विचारल्याशिवाय हातभर काठ कापला, म्हणे अंदाज घेतला. तिसरा म्हणाला, "जुनं कापड शिवत नाही, त्याची पायपुसणी करा." पायपुसणी! चादरीनं ज्या गावाचं नाव झालं, देशभरच्या शाळांचे गणवेश जिथं शिवले जातात, त्या आपल्या सोलापुरात आईच्या लुगड्यावर मला हे ऐकून घ्यावं लागलं. रिक्षात बसून रडले त्या दिवशी.

मग शेजारच्या काकूंनी तुमचं दुकान सांगितलं. पूर्व भागात, मागांच्या खटखटीत, एका माणसाला जेमतेम वळता येईल एवढी जागा. तुम्ही बाराबंदीचा अंगरखा शिवत होता. तो बाजूला ठेवलात, उठून हात धुतलेत, पुसलेत आणि मग लुगड्याला हात लावलात. मला तिथंच बरं वाटलं.

दाराच्या उजेडात धरून तुम्ही ते वीतवीत पाहिलंत. "इथं विरलंय. इथं जीव आहे." इरकलीचं अंग सुती आणि पदर रेशमी असतो, दोन्हींचे उभे धागे एकमेकांत फासे घालून जोडलेले असतात, हे मला तुमच्याकडूनच कळलं. त्या जोडावर शिलाई मारायची नाही, आणि वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवलं की रेशीम घडीवरच चिरतं, हेही. (घरी येऊन पहिल्यांदा त्या कोऱ्या लुगड्याची घडी बदलली.) नऊवार म्हणजे आठ मीटरच्या वर कापड, पण विरलेलं सोडून कुर्त्यापुरतं धड कापड काढायला तुम्ही किती वेळ खडू फिरवत होता!

आणि मग पदराच्या टोकाशी तुमची बोटं थांबली. तिथं कापड चुरगळून कायमचं आखडलंय. कितीदा धुतलं, इस्त्री केली, सुरकुती गेली नाही. तुम्ही वर बघितलंत आणि हळूच विचारलंत, "अक्का, ही गाठीची जागा का?"

हो मास्तर. गाठीचीच. माझी आई लक्ष्मी मंडईत तीस वर्षं भाजी विकत होती. दिवसाचा गल्ला त्या टोकात असायचा. भिशीचे पैसे त्यातून निघायचे, टेम्पोचं भाडं त्यातून, माझी परीक्षेची फी त्यातूनच. गाठ सोडताना ती दात लावायची. हे मी तुम्हाला काहीच सांगितलं नव्हतं. तुम्ही कापडावरून ओळखलंत. आधीचे तिघं सुद्धा कारागीरच होते, कात्री तीच, मशीन तीच. पण आपल्या हातातली वस्तू कुणाच्या तरी अंगावरची आहे, एवढं ध्यानात ठेवणारा माणूस भेटायला नशीब लागतं. अशी माणसं आहेत म्हणून गावात राहावंसं वाटतं.

कुर्ता आणायला आले तेव्हा तुम्ही आतली बाजू उलटून दाखवलीत. ते आखडलेलं टोक तुम्ही कापून टाकलं नव्हतंत. मलमलीच्या अस्तरावर त्याचाच छोटा खिसा केला होता, सुरकुतीसकट. मी बोट घातलं तर आत एक रुपयाचं नाणं लागलं. तुम्ही मशीनवरून मान वर न करता म्हणालात, "रिकामा खिसा देत नसतात, अक्का."

शिलाई तुम्ही ठरली तेवढीच घेतलीत. उरलेली कातरणंसुद्धा कागदात बांधून परत दिलीत.

लेक आता पुण्याला शिकायला असते. कुर्ता धुवायच्या आधी नाणं काढून ठेवते आणि वाळला की परत घालते, असं परवा फोनवर सांगत होती. मी तिला काही बोलले नव्हते, तिचं तीच करते.

ते कोरं लुगडं तेवढं राहिलंय. आत्ता तुमच्याकडं सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या बाराबंद्यांची घाई असेल. यात्रा उरकली की घेऊन येते. चहा मी आणीन, तुम्ही फक्त दाराशी उजेडात जागा ठेवा.

तुमची,
निळ्या लुगड्यावाली अक्का