आधी जागा, मग मोटारहोम

महोदय,
कोकणात भाड्याच्या मोटारहोम, म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाड्या, दिसू लागल्या आहेत, म्हणून लिहितो. लेक-जावयासोबत न्यूझीलंडमध्ये रोटोरुआला अशा गाडीत राहिलो. पहिल्या रात्री गाडी कललेली राहिली आणि सकाळी दूध नासलं. गॅसवरच्या फ्रिजमधलं अमोनियाचं द्रावण तिरप्या गाडीत नीट फिरतच नाही! मग खालच्या बाजूच्या चाकांखाली ठोकळे सारून, ओट्यावर पाणसळ ठेवून गाडी समतल केली. कोपऱ्यांचे पाय शेवटी टेकवायचे. ते गाडी स्थिर धरतात, उचलत नाहीत. बाहेरून गाडीत वीज घेण्याची २३० व्होल्टची केबल रिळावरून पूर्ण सोडावी, गुंडाळलेली तापते.

तिथे सांडपाणी ओतायला ठरलेली जागा होती. आपल्या किनाऱ्यावर ती कुठे आहे? पर्यटन खात्याने आधी ती आणि अर्थिंगसह वीजजोडणी द्यावी.

– एक निवृत्त एसटी मेकॅनिक, सातारा