धक्का मागून येतो

येळ्ळूर, बेळगाव

चि. बाळ यास अनेक आशीर्वाद.

परवा शेजारच्या पोरानं मोबाईलवर तुझा व्हिडिओ दाखवला. तुझ्या गायिका मॅडम गाडीतून उतरतायत, त्यांचा बॉडीगार्ड म्हणून तू पुढं आहेस, आणि सहीसाठी वही धरून आलेल्या एका पोराला तू छातीवर हात मारून ढकलतोस. तो मागच्यांच्या अंगावर कोसळला. तुझी आई म्हणाली, "आमचा पोरगा असला नव्हता गा." मला मात्र त्यात उद्धटपणाच्या आधी कच्चं काम दिसलं. जन्मभर खाकी घातली ना, डोळा तिथंच जातो.

सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माच्या पौर्णिमेचा बंदोबस्त केलाय मी, कपिलेश्वर तलावावर विसर्जनाच्या रात्री काढल्यात. गर्दीत पुढचा माणूस ढकलत नसतो, त्याला मागचे ढकलत असतात. आणि मागच्यांना पुढं काय चाललंय ते दिसत नाही. अशा वेळी पुढच्याला तू रेटलंस तर त्यानं जायचं कुठं? दोन्हीकडून चेंगरतो, पडतो, आणि एक पडला की त्याच्यावर चार पडतात. म्हणून आवाज द्यायचा तो मागच्यांना. तुमच्यातला एक माणूस कायम गर्दीच्या शेपटाला पाहिजे. पुढच्याशी तळहात उघडे ठेवून बोलायचं, "दादा, जरा वाट द्या" म्हणायचं. निम्मे लोक तेवढ्यानंच सरकतात. आणि मॅडमना कुठल्या दारानं काढायचं ते गाडी थांबायच्या आधी ठरलेलं असावं. व्हिडिओत तुम्ही तिघं तीन दिशांना बघत होता, म्हणजे ते ठरलेलं नव्हतं.

आता वहीवाला पोरगा निरुपद्रवीच असतो, असंही माझं म्हणणं नाही. ८ डिसेंबर १९८० ला न्यूयॉर्कमध्ये जॉन लेनन या गायकाला त्याच्या घराच्या दारात गोळ्या घातल्या. मारणाऱ्यानं त्याच दिवशी, काही तास आधी, त्याच्याकडून रेकॉर्डवर सही घेतली होती. सही मिळाली तरी तो घरी गेला नाही, तिथंच थांबला. तू ओरडणाऱ्याकडं बघतोस, रडणाऱ्या पोरींकडं बघतोस. ज्याचं काम झालंय आणि तरी जो हलत नाही, त्याच्याकडं बघ. तोंडापेक्षा हात बघ. आणि स्टेजकडं तर बघूच नकोस. मॅडमचं गाणं ऐकायला लोक तिकीट काढून आलेत, तू पगार घेऊन आलायस.

दुसरी गोष्ट मला जास्त छळते. पंजाबातला गायक सिद्धू मूसेवाला. २९ मे २०२२ ला तो मारला गेला. सरकारनं त्याची सुरक्षा आदल्याच दिवशी कमी केली होती, आणि जे दोन कमांडो उरले होते त्यांना तो त्या दिवशी सोबत घेऊन गेला नाही. बुलेटप्रूफ गाडीही घरीच. मॅडम कधीतरी म्हणतील, "इथंच जाऊन येते, तुम्ही नको आज." तेव्हा मान डोलावू नकोस. गेटपर्यंत मागं जा, शिव्या खा, पण गाडीत बस. त्यावरून नोकरी गेली तर घरी ये, मी एका शब्दानं विचारणार नाही.

तुला कामाला ठेवलेल्या सिक्युरिटी एजन्सीचे कागद बघून ठेव. २००५ च्या कायद्यानं एजन्सीला परवाना लागतो आणि गार्डला ट्रेनिंग द्यावं लागतं. विमा आहे की नाही ते लेखी माग.

इकडं गल्लीत रोज कोण ना कोण विचारतो. मॅडम काय खातात, लग्न कुणाशी करणार, पास मिळेल काय. मला काही माहीत नाही, आणि गाडीत जे कानावर पडतं ते तू आईलाही सांगू नकोस. तिच्या भिशीत सांगितलं की संध्याकाळपर्यंत शहापूरला पोचतं.

त्या पोराचा पत्ता लागला तर त्याला सही मिळवून दे.

तुझा,
बाबा

ता.क. – स्टेजवरच्या बॉक्सच्या पुढ्यात उभं राहतोस, कानात बुचं घालतोस काय? मिरवणुकीतल्या डॉल्बीपुढं ड्युट्या करून माझा डावा कान गेलाय. कापूस चालत नाही, मेडिकलमध्ये फोमची मिळतात ती घे.