जबडा मागे की कवटीची रेघ तिरकी?

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

मे महिन्याची सुटी लागली की बीड, परभणी, धाराशिवकडचे पालक मुलांच्या दातांना तारा लावायला लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर गाठतात. हातात बहुधा ओपीजी, म्हणजे सगळे दात आणि दोन्ही जबडे एकत्र दाखवणारी एक्स-रे प्लेट असते. तीत दात, मुळं, अक्कलदाढा छान दिसतात. पण वरचा जबडा पुढे आलाय की खालचा मागे राहिलाय, हे तिच्यावरून ठरवता येत नाही. त्याला सेफॅलोग्राम, म्हणजे डोक्याचा बाजूने काढलेला एक्स-रे लागतो. तो नीट निघाला नाही, किंवा नुसते आकडे बघून वाचला, तर उपचार भलतीकडेच जातो.

दोन्ही जबडे वाढत्या वयात सरकत असतात, म्हणून मोजायला तिसरी, त्यातल्या त्यात स्थिर जागा हवी. ती कवटीच्या तळात मिळते. प्लेटवर डोळ्याच्या खोबणीमागे घोड्याच्या खोगिरासारखा छोटा खळगा दिसतो. पीयूषिका ग्रंथी तिथेच बसते. त्याचा मध्य म्हणजे 'एस'. कपाळाचं हाड नाकाच्या हाडाला मिळतं तो 'एन'. एस-एन या रेघेशी वरच्या जबड्याचा कोन (एसएनए) साधारण ८२ अंश, खालच्याचा (एसएनबी) ८० आणि दोन्हींतला फरक (एएनबी) २. फरक ४ च्या वर गेला तर खालचा जबडा मागे किंवा वरचा पुढे. शून्याखाली गेला तर उलट. १९५३ साली स्टायनर यांनी रूढ केलेले हे आकडे अमेरिकेतल्या गोऱ्या चेहऱ्यांवरचे आहेत, हेही ध्यानात असू द्यावं.

गोची होते ती इथे. समजा एसएनए ७७ आणि एसएनबी ७४ आले. रिपोर्टवर लगेच 'दोन्ही जबडे मागे' असं छापून येतं. पण एस-एन रेघ फ्रँकफर्ट पातळीशी, म्हणजे कानाच्या छिद्राची वरची कड ते डोळ्याच्या खोबणीची खालची कड या रेघेशी, साधारण ७ अंश कललेली असते. या मुलाच्या कवटीत तोच कल १२ असेल तर दोन्ही कोनांत ५ मिळवा: ८२ आणि ७९. जबडे जागच्या जागी, तिरकी होती ती रेघ! 'एन' बिंदूच पुढे असेल तर एएनबी कमी येतो आणि मागे राहिलेला खालचा जबडा झाकला जातो. म्हणून दोन्ही जबड्यांवरून दाढांच्या चावपातळीवर लंब टाकून त्यांच्यातलं अंतर, म्हणजे विट्स मोजमाप, पडताळून घ्यावं.

कवटीच्या तळाचा स्वतःचा कोनही (एन-एस-बेसियन, सुमारे १३० अंश; बेसियन म्हणजे कवटीच्या तळाच्या मोठ्या छिद्राची पुढची कड) बघण्यासारखा आहे. खालच्या जबड्याची खोबण कानशिलाच्या हाडात असते. तळ सपाट, म्हणजे कोन मोठा, असला की खोबण मागे जाते आणि जबडाही मागे बसतो. कोन लहान असला की पुढे. पण हा कल झाला, नियम नव्हे. या एका कोनावरून 'कवटीतच दोष आहे' असं पालकांना सांगून मोकळं होऊ नये.

प्लेट काढताना मुलाने थुंकी गिळून दाढा मिटाव्यात, ओठ सैल ठेवावेत, फ्रँकफर्ट पातळी जमिनीला समांतर असावी. तोंड किंचित उघडं राहिलं तरी एसएनबी घसरतो. नथ, कानातलं, चष्मा आधीच काढावा. खालच्या जबड्याच्या कडेच्या दोन रेघा लांब-लांब दिसल्या तर बहुतेक वेळा डोकं वळलेलं असतं. क्वचित चेहराच खरोखर वाकडा असतो, मग समोरूनही प्लेट लागते. मानेचे दुसरा ते चौथा मणका प्लेटवर यायला हवेत, कारण वाढीचा जोर किती उरलाय ते त्यांच्यावरून कळतं. मागे राहिलेल्या खालच्या जबड्यासाठी वापरलं जाणारं ट्विन ब्लॉक हे जबडा पुढे धरणारं उपकरण याच जोरावर काम करतं. त्याचं योग्य वय मुलींत साधारण १० ते १२, मुलांत १२ ते १४ वर्षं. लग्न जमवायच्या वेळी, विशीत, मुलीला आणलं तर दात सरकवून झाकपाक किंवा शस्त्रक्रिया, एवढंच उरतं.

शेवटचं म्हणजे व्हॉट्सअॅपवरचे फोटो. फिल्म खिडकीच्या काचेला धरून तिरका फोटो काढला की कोनच बदलतात आणि प्लेट पुन्हा काढावी लागते. सेंटरवरून पट्टीचं माप दिसणारी मूळ डिजिटल फाइल मागून घ्यावी.

– एक दंतव्यंगोपचार तज्ज्ञ, लातूर