टेलिफोनच्या घंटीचा इतिहासही सांगावा

प्रति,
माननीय संपादक,

महोदय,

दूरध्वनीच्या शोधाला दीडशे वर्षे पूर्ण झाल्यानिमित्त आपल्या रविवार पुरवणीत प्रसिद्ध झालेला लेख मी आस्थेने वाचला. १० मार्च १८७६ रोजी बॉस्टनमधील एका घरात अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी तारेवरून हाक मारली आणि दुसऱ्या खोलीतले त्यांचे सहायक थॉमस वॉटसन ती ऐकून धावत आले, हा प्रसंग लेखकाने चांगला उभा केला आहे. परंतु लेखासोबत हँडलच्या जुन्या टेलिफोनचे जे छायाचित्र छापले आहे, त्याखाली ‘हँडल फिरवून वीज निर्माण केली जाई व त्या विजेवर संभाषण चाले’ असे लिहिले आहे. ते बरोबर नाही. मी टेलिफोन खात्यात तेहेतीस वर्षे मेकॅनिक होतो आणि त्यातली सुरुवातीची बरीच वर्षे अशाच मॅग्नेटो (म्हणजे हँडलने फिरणारे, चुंबकाचे छोटे वीजजनित्र) असलेल्या संचांच्या दुरुस्तीत गेली, म्हणून हे पत्र लिहिणे मला आवश्यक वाटले.

हीच समजूत मला इतरत्रही आढळली आहे. जिल्ह्याच्या गावातील एका संग्रहालयात काचेच्या कपाटात असा एक लाकडी पेटीचा संच ठेवला आहे आणि हँडलने आतली बॅटरी चार्ज होत असे, असे त्याखालच्या पाटीवर लिहिले आहे. मी तिथल्या संबंधितांना दोन वेळा सांगून आलो, तरी पाटी अजून तीच आहे. ती वाचून शाळेच्या मुलांना तसेच समजावून सांगणारे एक शिक्षकही मी तिथे पाहिले, त्यामुळे ही चूक किरकोळ म्हणून सोडून द्यावी असे मला वाटत नाही. तेवढ्या एका ओळीमुळे टेलिफोनमधला एक स्वतंत्र आणि मोठा शोध, म्हणजे त्याची घंटी, इतिहासातून गळून पडतो.

हँडल फिरवल्यावर पेटीत जी वीज तयार होई, तिचा बोलण्याशी काहीही संबंध नव्हता. बोलण्यासाठी पेटीत दोन ड्राय सेल असत आणि ते संपले की आम्ही बदलून देत असू. हँडलची वीज केवळ एका कामाची होती: तारेच्या पलीकडच्या टोकाला असलेली घंटी वाजवणे. बेल यांच्या पहिल्या व्यापारी टेलिफोनला तर बोलण्यासाठी सेलसुद्धा लागत नसत, कारण आवाजाने हलणारा लोखंडी पडदा चुंबकापुढे थरथरून स्वतःच अगदी क्षीण वीज निर्माण करी. ती वीज कानाशी धरलेल्या रिसीव्हरमध्ये ऐकू येण्यापुरती होती. खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात बसलेल्या माणसाला उठवून आणण्याची ताकद तिच्यात नव्हती.

आपल्या लेखात सांगितलेल्या त्या प्रसंगाकडे या दृष्टीने पाहिले की अडचण चटकन लक्षात येते. १८७६ च्या त्या दिवशी वॉटसन रिसीव्हर कानाशी लावून वाट पाहतच होते. परंतु ज्याच्या घरी टेलिफोन बसवायचा, तो गृहस्थ दिवसभर रिसीव्हर कानाशी धरून बसणार नाही. त्याला बोलावायचे कसे? १८७७ मध्ये जेव्हा टेलिफोन भाड्याने दिले जाऊ लागले, तेव्हा या प्रश्नाला धड उत्तर नव्हते. पेन्सिलीच्या टोकाने पडद्यावर टकटक करायची आणि पलीकडे कोणीतरी जवळपास असेल अशी आशा धरायची, असा व्यवहार होता. पेन्सिलीने नाजूक पडदा खराब होई, म्हणून वॉटसन यांनी पेटीच्या आत एक लहान हातोडी बसवली आणि तिची मूठ बाहेर आणली. त्यानंतर त्यांनी एक बझर केला, पण त्याचा आवाज कर्कश होता आणि तो लोकांना आवडला नाही.

त्याच सुमारास, १५ ऑगस्ट १८७७ रोजी, थॉमस एडिसन यांनी पिट्सबर्गच्या एका तारकंपनीच्या अध्यक्षांना पत्र लिहून कळवले की टेलिफोनला घंटीची गरज पडेल असे आपल्याला वाटत नाही, कारण ‘हॅलो’ ही हाक दहा ते वीस फुटांवरून ऐकू येते. आज आपण फोन उचलल्यावर म्हणतो तो ‘हॅलो’ हा शब्द टेलिफोनच्या संदर्भात ज्या पत्रात येतो, त्याच पत्रात घंटी नको असे म्हटले आहे. एडिसन यांच्याविषयी मला नितांत आदर आहे, परंतु घंटीच्या बाबतीत त्यांचा अंदाज चुकला आणि पुढे जगाने त्यांचा ‘हॅलो’ही घेतला आणि वॉटसन यांची घंटीही घेतली.

ही घंटी १८७८ साली तयार झाली. वॉटसन तेव्हा चोवीस वर्षांचे होते. ते प्राध्यापक किंवा शास्त्रज्ञ नव्हते. बॉस्टनच्या कोर्ट स्ट्रीटवर चार्ल्स विल्यम्स यांचे विद्युत उपकरणांचे वर्कशॉप होते, तिथे ते हाताने काम करणारे कारागीर होते आणि तिथेच त्यांची बेल यांच्याशी गाठ पडली. विजेची घंटी तोवर जगात नव्हती असे नाही. दाराची असते तशी कंपन पावणारी घंटी लोकांच्या परिचयाची होती. तिच्यात वीज आली की लोखंडी पट्टी ओढली जाते, ओढली गेली की जोड सुटतो, वीज बंद होते, पट्टी परत येते आणि पुन्हा जोड होतो. या जोडावर ठिणगी पडते, तो जळतो, काळा पडतो, आणि मुख्य म्हणजे अशा घंटीला भरपूर वीज लागते. काही मैल लांबीच्या बारीक लोखंडी तारेतून तेवढी वीज पाठवायची, तर प्रत्येक घरात बॅटऱ्यांची रांगच लावावी लागली असती.

वॉटसन यांनी जोडच काढून टाकला. त्यांच्या घंटीत दोन कॉइल, म्हणजे तारेची वेटोळी, असतात, त्यांच्यासमोर मध्यभागी टेकलेली एक लोखंडी पट्टी तराजूच्या दांडीसारखी हलती ठेवलेली असते आणि या सगळ्याला एका कायमच्या चुंबकाची जोड दिलेली असते. चुंबकामुळे दोन्ही कॉइलची टोके आधीपासूनच पट्टीला सारख्या जोराने ओढत असतात. अशा वेळी तारेतून थोडीशी जरी वीज आली, तरी एका कॉइलची ओढ वाढते, दुसऱ्या कॉइलची तेवढीच कमी होते आणि पट्टी एका बाजूला कलते. विजेची दिशा उलटली की ती दुसऱ्या बाजूला कलते. पट्टीला जोडलेली तार वर जाते, तिच्या टोकाला पितळी गोळी असते आणि ती गोळी दोन वाट्यांच्या मध्ये आळीपाळीने आपटते. हँडलने फिरणारा मॅग्नेटो दिशा बदलणारीच वीज देतो, म्हणजे वीज पुरवणारे यंत्र आणि ती वापरणारे यंत्र ही दोन्ही एकमेकांसाठीच घडवलेली होती. आम्ही दुरुस्त करत असू त्या घंटीच्या कॉइलचा रोध हजार ओहमचा असे आणि ती काही मिलिअँपिअरवर खणखणीत वाजे.

कागदावर हे कोरडे वाटेल, म्हणून हाताला आलेला अनुभव सांगतो. मी नवीन असताना माझ्या वरिष्ठांनी मला पहिला धडा दिला तो मीटरचा नव्हता, हँडलचा होता. ते म्हणाले, “आधी हँडल फिरव आणि हाताला काय सांगतंय ते बघ.” लाइन कुठे तुटली असेल तर हँडल अगदी हलके फिरते, दोन तारा एकमेकींना चिकटल्या असतील तर ते जड लागते, जणू कोणी आतून धरून ठेवले आहे. पावसाळ्यात घाटातल्या लाइनवर झाडाची फांदी पडली की खांबावर चढण्याआधीच अर्धे निदान असे मनगटाला कळत असे. आणि पलीकडच्या माणसाने न सांगता हँडल मारले व आपली बोटे उघड्या तारेवर असली, तर सत्तर-ऐंशी व्होल्टचा जो झटका कोपरापर्यंत जाई, तो ज्याने एकदा खाल्ला तो ‘या विजेवर संभाषण चाले’ असे कधी लिहिणार नाही.

घंटी आली आणि तिच्यामागून आणखी एक गोष्ट आली, तिचाही उल्लेख करायला हवा. घंटी आणि बोलण्याचे यंत्र एकाच तारेवर होते, त्यामुळे वाट पाहताना तार घंटीला जोडलेली हवी आणि बोलताना ती यंत्राला जोडलेली हवी. सुरुवातीला यासाठी हाताने फिरवायचा खटका होता. बोलून झाल्यावर लोक तो पूर्वस्थितीत आणायला विसरत आणि मग त्यांची घंटी वाजतच नसे. वॉटसन यांनी पुढे १९१३ साली केलेल्या भाषणात ही अडचण सांगितली आहे. तिच्यातूनच रिसीव्हर टांगण्याचा हलता हूक आला. आपल्या घरातल्या काळ्या टेलिफोनवर रिसीव्हर ठेवला की खाली दबणारी ती दोन बटणे याच हुकाची वंशज आहेत.

आपल्याकडे २८ जानेवारी १८८२ रोजी कोलकात्यात टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले आणि मुंबईतही त्याच वर्षी ते आले. मोठ्या शहरांतून हँडल लवकर गेले, पण तालुक्याच्या गावांतून आणि पोस्टातल्या सार्वजनिक फोनवर ते पुढे कित्येक दशके टिकले. एक्स्चेंजमधल्या ज्या जोडणीच्या बोर्डावर मी शिकलो, त्यावर प्रत्येक ग्राहकासाठी एक लहान पितळी झडप होती. ग्राहकाने हँडल मारले की त्याच्या क्रमांकाची झडप खट्‌ आवाज करून पडे, ऑपरेटर कॉर्ड लावून नंबर विचारी आणि हव्या त्या ग्राहकाला रिंग देई. बोलणे संपल्यावर ग्राहकाने पुन्हा एकदा हँडल मारायचे असे, ते राहून गेले की ऑपरेटरला मध्येच कानोसा घेऊन “बोलणे झाले का?” असे विचारावे लागे. म्हणजे बोलावणे आणि निरोप घेणे ही दोन्ही कामे त्या एका हँडलवर आणि घंटीवर चालत.

हँडल गेले तरी घंटी गेली नाही, हे आपल्या लेखात यायला हवे होते असे मला मनापासून वाटते. डायलच्या टेलिफोनात मॅग्नेटो राहिला नाही आणि रिंगची वीज एक्स्चेंजमधून येऊ लागली, परंतु पेटी उघडली की आत त्याच दोन कॉइल, तोच चुंबक, तीच हलती पट्टी आणि त्याच दोन वाट्या दिसत. फक्त लाइनवर कायम असणारी एका दिशेची वीज अडवण्यासाठी घंटीच्या वाटेत एक कंडेन्सर आला आणि डायल फिरवताना घंटी किणकिणू नये म्हणून पट्टीला एक बारीक स्प्रिंग लागली. ज्यांच्या घरी एकाच लाइनवर दोन संच होते, त्यांना आठवत असेल की दिवाणखान्यात डायल फिरवला की आतल्या खोलीतला फोन बारीक ‘टिंग टिंग’ करी. ती स्प्रिंग सैल पडल्याची खूण होती. घरी येऊन ती एक वेढा घट्ट केली की आवाज थांबे आणि घरातली माणसे फार मोठी दुरुस्ती झाल्यासारखी चहा पुढे करत. पुढे बटणांचे फोन आले आणि त्यांत इलेक्ट्रॉनिक आवाज आला, तेव्हा शंभर वर्षांहून अधिक काळ जवळजवळ न बदललेले हे यंत्र मागे पडले.

माझी आपल्याला विनंती आहे की पुरवणीच्या पुढील अंकात छायाचित्राखालील मजकुराची दुरुस्ती छापावी आणि शक्य झाल्यास घंटीवर एक वेगळे टिपण द्यावे. त्यासाठी उघडलेल्या घंटीचे छायाचित्र हवे असल्यास माझ्याकडे एक चालू स्थितीतला संच आहे आणि तो मी आपल्या छायाचित्रकारास आनंदाने दाखवीन. ज्या संग्रहालयांत असे संच आहेत, त्यांच्यासाठी पाटीचा मजकूर मी पुढीलप्रमाणे सुचवतो आणि तो कोणीही जसाच्या तसा वापरावा:

‘मॅग्नेटो टेलिफोन. उजवीकडील हँडल फिरवल्यावर आतील चुंबकांमध्ये कॉइल फिरून वीज तयार होई व तिने एक्स्चेंजमधील झडप पडे किंवा पलीकडची घंटी वाजे. बोलण्यासाठी पेटीत वेगळे सेल असत. वरील दोन वाट्यांची घंटी थॉमस वॉटसन यांनी १८७८ साली तयार केलेल्या रचनेची आहे.’

आपला विश्वासू,
एक निवृत्त टेलिफोन मेकॅनिक, सातारा