‘काकू, तुम्ही फक्त हो म्हणा’

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

व्याजदर उतरल्यामुळे गृहकर्जदार खूश आहेत. माझा भाचाही घोडबंदर रोडच्या फ्लॅटचा हप्ता कमी झाला म्हणून पेढे घेऊन आला होता. पेढा खाल्ला. पण रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी ते डिसेंबर २०२५ मध्ये रेपो दर (म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) साडेसहा टक्क्यांवरून सव्वापाचवर आणला, त्याची दुसरी बाजू माझ्या पासबुकात आहे.

वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत मी २६ वर्षे पॅकिंगला होते. पेन्शन महिना १,९४० रुपये. बाकी घर सहा लाखांच्या ठेवीच्या व्याजावर. साडेसात टक्क्यांनी तिमाहीला ११,२५० यायचे. मुदत संपली तेव्हा नवा दर निघाला पावणेसात, म्हणजे १०,१२५. महिन्याला पावणेचारशे कमी. आमचे बारा दिवसांचे दूध.

ठेव नव्याने करायला गेले तर मला आत केबिनमध्ये बसवले, चहा मागवला. (इतक्या वर्षांत बँकेने पहिल्यांदा चहा पाजला, तेव्हाच ओळखायला हवे होते.) टेबलापलीकडची मुलगी म्हणाली, “काकू, एफडीत आता काही राहिलं नाही. लाखभर यात टाका. एफडीसारखंच आहे, वर विमा.” एकदाच भरायचे ना, असे मी दोनदा विचारले. दोन्ही वेळा हो म्हणाली. नंतर विमा कंपनीचा खातरजमेचा फोन येईल तेव्हा काय बोलायचे तेही शिकवले: “ते हिंदीत विचारतील, काकू, तुम्ही फक्त हो म्हणा.” फोन आला तेव्हा मी भाकऱ्या थापत होते. सगळ्याला हो म्हणाले. त्या पोरीवर माझा राग नाही. तिला महिनाअखेरीचे टार्गेट होते, आणि टार्गेट काय असते ते पॅकिंगच्या टेबलावर उभे राहून मी पाहिले आहे.

पॉलिसी घरी आली ती सगळी इंग्रजीत. शेजारच्या अकरावीतल्या मुलाने वाचून सांगितले: दरवर्षी एक लाख, सात वर्षे. सहा लाखांच्या पुंजीला सात लाखांचे हप्ते!

त्यालाच आत ‘फ्री लूक’चे कलम सापडले. पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. मी चोविसाव्या दिवशी अर्ज नेला. “हे इथे होत नाही,” म्हणाले. मी तिथेच बसून राहिले, अर्जावर पोच घेऊनच उठले. स्टँप ड्युटी आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचे पैसे कापून रक्कम परत मिळाली. भिशीत हे सांगितले तर आमच्या बाराजणींपैकी तिघींकडे तसलीच पॉलिसी निघाली. त्यांचे ३० दिवस केव्हाच उलटलेले. आता विमा लोकपालाकडे अर्ज करायचे चालले आहे.

परत आलेले पैसे धरून तीन लाख पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले. ८.२ टक्के, पाच वर्षे तोच दर, तिमाहीला ६,१५०. उरलेल्यांच्या एक, दोन आणि तीन वर्षांच्या वेगवेगळ्या ठेवी केल्या, त्याही दोन बँकांत. सगळी रक्कम पुन्हा एकाच दिवशी पडत्या दराच्या तावडीत सापडायला नको. शिवाय सहा लाख एकाच बँकेत ठेवले हीसुद्धा चूकच होती, कारण बँक बुडाली तर ठेवीदाराला पैसे देणारा ठेव विमा एका बँकेत मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाखांपर्यंतच असतो. २०१९ साली खालच्या मजल्यावरच्या बाईंचे पैसे सहकारी बँकेत अडकले तेव्हा तर ही मर्यादा एक लाखच होती. तेव्हा त्यांना धीर द्यायला रोज जायचे, पण स्वतःचे पासबुक काही उघडून पाहिले नाही.

माझी मागणी साधी आहे. साठीपुढच्या माणसाला बँकेतून विमा विकायचा असेल, तर मोठ्या अक्षरातले एक मराठी पान द्या: दरवर्षी किती, किती वर्षे, मध्येच थांबवले तर हातात काय. आणि खातरजमेचा फोन मराठीत करा. त्यात हो-नाही नको. “किती वर्षे भरायचे आहेत?” असे विचारा आणि आकडा ग्राहकालाच सांगू द्या. मला त्या दिवशी एवढे विचारले असते तर पिठाच्या हाताने फोन धरून मी “एकदाच” म्हटले असते, आणि पलीकडच्या माणसाला तिथेच थांबावे लागले असते.

आपली,
एक निवृत्त कामगार, वर्तकनगर, ठाणे (प.)